सुभेदारांची गोळी

सुभेदार आकाराम साळुंखे यांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी सैन्याच्या रसद खात्यात गेली. तांदूळ, रॉकेल आणि कांबळी यांचा त्यांना चांगला अभ्यास होता. पण एकदा ट्रकवरून उतरताना पाय मोडला आणि चार महिने ते मिलिटरी इस्पितळात पडून राहिले. शेजारच्या खाटांवर कुणाला काय देतात हे बघत बघत आपल्याला निम्मी डॉक्टरकी आली, अशी त्यांची खात्री झाली. उंब्रजजवळच्या त्यांच्या गावानेही ती मान्य करून टाकली, कारण डॉक्टर गाठायचा तर गाडी काढावी लागे आणि सुभेदार मात्र ओट्यावर आयते बसलेले असत. घरात उरलेल्या गोळ्या त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. ताप आलेला माणूस ओट्यासमोर उभा राहिला की ते त्याला नीट न्याहाळत आणि डब्यात हात घालत. पुढे ग्रामपंचायतीने त्यांना गावच्या आरोग्य समितीवरही घेतलं.

अशा माणसाची दाढ सुजली. गाल वांग्यासारखा फुगला, तेव्हा बायको रंगूबाईने त्यांना हाताला धरून मलकापूरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पृथ्वीराज वयाने पोरगेलेच होते. त्यांनी दाढ उघडून पू काढला, मग चिठ्ठी लिहायच्या आधी विचारायला सुरुवात केली.

"पेनिसिलीनचं कधी बाधलंय का? अंगावर पुरळ, दम लागणं? कावीळ होऊन गेलीय का? दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत?"

सुभेदारांना हे सवाल जरा बालिश वाटले. सैन्यात गोळी द्यायच्या आधी कुणी कुणाची एवढी चौकशी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सगळ्याला त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

"या एका गोळीत दोन औषधं आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक जंतू मारतं. काही जंतू हुशार असतात, ते त्या औषधालाच निकामी करतात. त्यांना दुसरं औषध अडवतं. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणाच्या सुरुवातीला घ्यायची, म्हणजे पोट बिघडायचं नाही. पाच दिवस. दुखायचं थांबलं तरी बंद करायची नाही. आणि सहाव्या दिवशी मला दाढ दाखवा, तिचं काम अजून बाकी आहे."

रंगूबाई एकेक शब्द ऐकत होती. सुभेदार मात्र भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होते.

दीड दिवसात, तीन गोळ्यांत, ठणका गेला आणि सुभेदार पुढची गोळी घ्यायचे थांबले. चौथ्या दिवशी तर सुभेदारांनी भाकरीचा पापुद्रा त्याच बाजूने चावला आणि पाकीट कायमचं बाजूला ठेवलं.

"आवं, पाच दिस म्हणाल्यात डाक्टर," रंगूबाई म्हणाली. "तुमी तर परवापास्नं एक गोळी घेतली न्हाई."

"शत्रू पळाला का गोळीबार थांबवायचा असतोय. उगं दारूगोळा वाया घालवायचा न्हाई."

"पळाला का लपलाय, ते तुमाला काय ठावं?"

 सुभेदार कात्री शोधायला उठले. उरलेल्या सात गोळ्यांच्या पाकिटाचे त्यांनी एकेक गोळीचे चौकोनी तुकडे कापले. कुणाला एक दिली की बाकीच्या उघड्या पडू नयेत, ही त्यांची शिस्त. कापताना गोळीचं नाव एका तुकड्यावर राहिलं आणि बाकीचे कोरे झाले, याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

त्याच दिवशी या गोळीचा पहिला रोगी आला. दादासो. त्याचं नाक गळत होतं.

"दोन दिस झालं, गड्या. डोकं लय जड झालंय."

"दोन घे. एक आत्ता, एक सांजच्याला. साधी न्हाई, दुहेरी गोळी हाय."

दादासोने त्या दोन्ही रिकाम्या पोटी घेतल्या आणि दुसरा दिवस शेताच्या बांधापेक्षा संडासात जास्त घालवला. पण तो नाराज नव्हता. सगळा कफ खालनं गेला, असं तो चावडीवर सांगत होता. सुभेदारांची कीर्ती वाढली.

ती ऐकून बनाबाई आली. सत्तरीची म्हातारी, आवाज मात्र खणखणीत. घसा खवखवत होता आणि अंग कसकसत होतं.

"आकाराम, मला सुईचं बाधतंय बरं का. बाळंतपणात सुई दिलती तवा अंगभर गांधी उठल्या हुत्या. डाक्टर म्हनला हुता, ही सुई परत घ्यायची न्हाई."

"काकी, ती सुई. ही गोळी हाय. अन् मी तुमाला निम्मीच देतोय."

गोळीच्या मधोमध एक रेघ होती. त्या रेघेचा सुभेदारांनी पूर्ण विचार केलेला होता. गोळीत दोन औषधं आहेत, मधे रेघ आहे, म्हणजे रेघेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. त्यांनी गोळी अंगठ्याने कट्कन मोडली, दोन्ही तुकडे उजेडाला धरले आणि जो जरा पांढरा वाटला तो सौम्य ठरवून म्हातारीच्या तळहातावर ठेवला.

रंगूबाई उंबऱ्यात उभी होती. "आवं, ती काय बर्फी हाय व्हय, अर्धी अर्धी कराया?"

बनाबाईने तोवर पाणी पिऊन गोळी गिळलीही होती.

पाऊण तासाने तिची सून राणी पळत आली. सासूच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, श्वास घेताना शीळ वाजत होती. तिला गाडीवर घालून गावच्या उपकेंद्रात नेलं होतं आणि तिथल्या नर्स मॅडमनी सुभेदारांना ताबडतोब बोलावलं होतं.

उपकेंद्रात स्वप्नाली मॅडम म्हातारीच्या मांडीत रिअ‍ॅक्शनवरची सुई देत होत्या. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन झाला होता. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काका, कोणती गोळी दिली?"

"दुहेरी," सुभेदार म्हणाले.

"नाव?"

सुभेदारांनी खिशातून तुकडा काढला. तो कोरा होता. दुसरा काढला. तोही कोरा.

"दाढेची हाय," ते म्हणाले. 

"काका, घरी जा आणि नाव असलेलं पाकीट आणा. चालत नाही, पळत जा."

पासष्टाव्या वर्षी सुभेदार आकाराम साळुंखे भर दुपारी धोतराचा सोगा हातात धरून गावातून पळाले. ओट्यावर बसलेल्यांना वाटलं, ऊस पेटला. वाटेत दोघं-तिघं मदत म्हणून त्यांच्यामागे पळू लागले. घरी डबा जमिनीवर पालथा केला. वीस-पंचवीस कोरे चौकोन पसरले, पिवळे, गुलाबी, पांढरे. गेल्या सहा वर्षांत आपण कुणाला काय दिलं, हे त्यांना त्या क्षणी एकाचंही सांगता आलं नसतं. गुडघ्यावर बसून ते चिवडत राहिले, पण नाव असलेला तुकडा बहुधा दादासोबरोबरच गेला होता. शेवटी रंगूबाईने डॉक्टरांची चिठ्ठीच त्यांच्या हातात दिली. ती तिने देवघरात ठेवली होती.

रेघेपाशी मोडून पांढरी निम्मीच दिली, असं सुभेदार सांगत असतानाच स्वप्नाली मॅडमनी चिठ्ठी वाचली. "यात पेनिसिलीनच्या जातीचंच औषध आहे. सुईतून द्या नाहीतर गोळीतून, बाधायचं ते बाधतंच. आणि मोडली तरी दोन्ही औषधं दोन्ही तुकड्यांत असतात, काका. पीठ मळलेलं असतं तसं. रेघ आहे ती गोळी गिळायला सोपी जावी म्हणून."

अ‍ॅम्ब्युलन्स बनाबाईला कराडच्या दवाखान्यात घेऊन गेली. सुभेदार मागच्या जीपमधून गेले आणि बाकड्यावर बसून राहिले. राणीने आपली पिशवी उचलली आणि ती पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसली. ते त्यांना शिव्यांपेक्षा जड गेलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला घरी सोडलं, तेव्हा तिने त्यांना जवळ बोलावलं.

"आकाराम, निम्मीनं ही गत केली. आख्खी दिली असतीस तर?"

"चुकलं, काकी."

"चुकलंच. आता ते गावात सांग. मी सांगाया लागले तर लय तिखट हुईल."

ते सांगण्याआधीच सुभेदारांचा गाल पुन्हा फुगला. यावेळी तोंडही नीट उघडेना. मलकापूरला डॉक्टर पृथ्वीराजांनी विचारलं, "गोळ्या पूर्ण केल्या होत्या?"

सुभेदारांनी मान होकारार्थी हलवली.

"तीन घेतल्या," रंगूबाई म्हणाली. "तीन वाटल्या, त्यातली निम्मी एका म्हातारीला भोवली. बाकीच्या ह्या." तिने पदराची गाठ सोडून कोरे तुकडे टेबलावर ठेवले.

तिच्या हिशेबात अर्ध्या गोळीची चूक होती, पण ती काढायला सुभेदारांचं तोंड उघडत नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दाढ पुन्हा साफ केली, ते काम पहिल्यापेक्षा बरंच जास्त दुखलं. "ठणका थांबला म्हणजे जंतू संपले असं नसतं," ते म्हणाले. "आणि असं अर्धवट वापरून वापरून जंतूच एक दिवस या गोळ्यांना मोजेनासे होतात. तुमच्या दाढेपुरतं नाही, गावाचंही तेच." मग नवी चिठ्ठी लिहून त्यांनी ती सुभेदारांना न देता रंगूबाईच्या हातात दिली.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ रंगूबाई पहिला घास आणि गोळी एकदमच पुढे करी. सुभेदार निमूट गिळत. सहाव्या दिवशी दाढेचं उरलेलं कामही झालं. डब्यातल्या सगळ्या गोळ्या त्यांनी उपकेंद्रात नेऊन दिल्या आणि पुढच्या ग्रामसभेत उभं राहून झाला प्रकार सांगितला. सांगताना पळण्याचा भाग त्यांनी थोडक्यात आटपला, तर तो लोकांनीच पूर्ण केला.

दोन आठवड्यांनी दादासोचं नाक पुन्हा गळायला लागलं. सवयीने तो ओट्यापुढे येऊन उभा राहिला.

"न्हाई रं," सुभेदार म्हणाले. "चल, उपकेंद्रात."

ओपीडीचा, म्हणजे डॉक्टर उपकेंद्रात येण्याचा, दिवस होता. दोघं दीड तास रांगेत बसले. डॉक्टरांनी दादासोचा घसा बघितला, छाती तपासली आणि साधी सर्दी आहे, वाफ घ्या, गरम पाणी प्या, जंतूंच्या गोळ्यांची गरज नाही, असं सांगून पुढचा नंबर पुकारला.

बाहेर आल्यावर दादासो वाटेतच थांबला. "म्हंजी काय दिलंच न्हाई?"

"न्हाई."

"दीड तास बसून?"

सुभेदारांनाही आतून अगदी तसंच वाटत होतं. एवढा माणूस आणला, रांग लावली, आणि हातात नुसती वाफ. पण त्यांनी तसं दाखवलं नाही. दादासोच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "चल घरी. रंगूला पाणी तापवाया सांगतो."