परतीची तारीख

चौतीस वर्षं बसच्या डेपोत कंट्रोलर म्हणून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात कंट्रोल करायला काहीही शिल्लक नसतं, हे कंट्रोलरांना पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. फ्रिज बायकोच्या ताब्यात, टीव्ही नातीच्या ताब्यात आणि रक्तदाब डॉक्टरांच्या. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, आमची विमानाची तिकिटं तुम्हीच शोधा, आम्हाला दोघांना श्वास घ्यायला फुरसत नाहीये," तेव्हा त्यांनी तोंडाने नुसतं "बघतो" म्हटलं; पण ती वळल्याबरोबर कपाटातून लाल आणि निळं पेन काढलं आणि नव्या रजिस्टरला रेघा मारायला बसले.

लेक, जावई आणि सात वर्षांची नात, तिघं कायमचे परदेशी चालले होते. जावयाला तिकडे नोकरी लागली होती, दोन गल्ल्या सोडून असलेला त्यांचा फ्लॅट विकला गेला होता, आणि नातीने शाळेत सगळ्यांना आपली खोडरबरं वाटून टाकली होती. नातीला घरात इन्स्पेक्टर म्हणत, कारण ती पहिल्या उत्तरावर कधीच समाधान मानत नसे.

ही बातमी आली त्या दिवसापासून कंट्रोलरांच्या बायकोने शिलाई मशीनला हात लावला नव्हता. ती घरीच कपडे शिवायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती आणि उरलेल्या निम्म्यांची ती नुसती बघून सांगायची. पण महिना झाला, कापलेली कापडं गठ्ठ्यात तशीच पडली होती. गिऱ्हाईकं दारात येऊन "मावशी, झालं का हो?" विचारत, आणि ती "उद्या" म्हणे. कधी न चिडणारी बाई, पण "बरं वाटत नाही का?" असं विचारलं की अंगावर यायची. मग कंट्रोलरांनी विचारणंच सोडून दिलं आणि ते कॉम्प्युटरसमोर बसू लागले.

विमानकंपन्यांचं भाडेपत्रक बघून त्यांना पहिल्या दिवशी मनस्वी राग आला. एकाच विमानात, एकाच रांगेत, शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांनी वेगवेगळं भाडं द्यायचं, हे त्यांच्या डेपोत झालं असतं तर कंडक्टर संध्याकाळपर्यंत निलंबित झाला असता. त्यात जावयाने फोनवर सांगितलं, "बाबा, एकच प्रवास रोज बघत बसू नका. ते लक्षात ठेवतात आणि भाव चढवतात म्हणे." दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर शाळेतून आली तर कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवलेली.

"आजोबा, याला लागलंय?"

"नाही. त्याने मला ओळखू नये म्हणून."

"मग तुम्ही चष्मा पण काढा ना."

"चष्मा काढल्यावर मलाच काही दिसणार नाही."

"मग तो ओळखणारच," इन्स्पेक्टर म्हणाली आणि तपास बंद करून टीव्हीकडे गेली.

रजिस्टर भरत गेलं. थेट जाणाऱ्या विमानाचा भाव बघून कंट्रोलरांनी चष्मा पुसला, पण तो भाव पुसला गेला नाही. सगळ्यात स्वस्त प्रवासात दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं होती. मध्ये सामान आपणच उचलायचं आणि पुन्हा द्यायचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं थांबणार नाही. "पुढची गाडी थांबवायला तिथे आपला माणूस नाही," म्हणून त्यावर त्यांनी लाल रेघ मारली. त्याहून थोड्या महाग प्रवासात एकोणीस तास एका विमानतळावर बसायचं होतं. "पोर काय पार्सल आहे?" लाल रेघ. एक कंपनी भाडं कमी घेत होती, पण माणशी एकच बॅग. दुसरी थोडं जास्त घेत होती, पण माणशी दोन. संसार उचलून चाललेल्या माणसांना जादा बॅगांचे पैसे भरावे लागले असते, ते धरून दुसरीच स्वस्त पडत होती. शनिवारपेक्षा मंगळवारी निघालं तर आणखी फरक. पंधरा दिवसांच्या शोधानंतर एक मंगळवार, एक कंपनी आणि मध्ये साडेतीन तासांचा एकच थांबा, असा मेळ बसला. जावयाने फोनवर मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही एजन्सी काढा."

तिकीट काढायला बसले आणि कंट्रोलरांच्या लक्षात आलं, की काहीतरी गडबड आहे. फक्त जाण्याच्या तिकिटापेक्षा जाऊन येण्याचं तिकीट कमी पैशांत मिळत होतं. त्यांनी तीनदा तपासलं. मग जावयाला फोन लावला.

"हो, असतं तसं कधीकधी," जावई म्हणाला. "मग रिटर्नच काढून टाका. परतीचं सोडून द्यायचं."

"सोडून द्यायचं म्हणजे?"

"म्हणजे जायचंच नाही त्या दिवशी. काही होत नाही, बाबा. पुष्कळ लोक करतात."

"पण तारीख टाकावी लागते."

"कुठलीही टाका हो."

कुठलीही! डेपोच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने असत: 'गेली' आणि 'आली'. 'आली'चा रकाना भरल्याशिवाय कंट्रोलर घरी जात नसत. एकदा घाटात बंद पडलेल्या गाडीसाठी ते पहाटे साडेचारपर्यंत डेपोच्या फाटकाशी उभे होते आणि गाडी आत आल्यावर ड्रायव्हरला शिव्या घालून मग त्याच्यासाठी स्वतःच चहा करून आणला होता. अशा माणसाला 'कुठलीही टाका' म्हणणं म्हणजे आचाऱ्याला 'मीठ कितीही टाका' म्हणण्यासारखं होतं.

परतीच्या तारखेला त्यांनी तीन दिवस घेतले. इन्स्पेक्टरच्या नव्या शाळेच्या सुट्ट्या शोधून काढल्या. सुट्टी सुरू होते त्या दिवशी नको, गर्दी असते, तिसऱ्या दिवशी. रात्रीच्या विमानात तिला मळमळतं, म्हणून सकाळचं. मधला थांबा अडीच तासांचा. त्याहून कमी नको, पोरीला धावायला लागेल. इथे उतरायची वेळ दुपारी सव्वातीन, म्हणजे उन्हं कलायच्या आत घरी. जाण्यापेक्षा येण्याचा मेळ सरस बसला. शेवटी त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून थोडे जादा पैसे भरून इन्स्पेक्टरला दोन्ही वेळची खिडकी घेतली.

तिकिटं बघून जावयाचा फोन आला. "बाबा, परतीच्या खिडकीचे पैसे कशाला भरलेत?"

"चुकून," कंट्रोलर म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी हा शब्द स्वतःबद्दल कधी वापरला नव्हता, त्यामुळे तो जरा खरखरीत निघाला.

चूक खरी झाली ती पुढे. तिकिटं छापून त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि ते अंघोळीला गेले. बाहेर आले तर बायको कागद हातात धरून उभी. डोळ्यांवर चष्मा, त्याच्या वर कपाळाला आठ्या, आणि महिनाभरात पहिल्यांदा चेहऱ्यावर काहीतरी हललेलं.

"अहो, हे परतीचं आहे ना? दहा महिन्यांनी सुट्टीला येतायत? सव्वातीनला?"

कंट्रोलर टॉवेलने कान पुसत राहिले.

"मला बोलला नाहीत ते! लेकीनं सांगू नको म्हटलं असेल. सरप्राईज! आणि तुम्ही ठेवलंत टेबलावर. अहो, तुमच्या पोटात काही राहत नाही."

"हं," ते म्हणाले.

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. जावयाने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: कागदपत्रं पक्की होईपर्यंत आणि कर्ज फिटेपर्यंत चार वर्षं तरी येणं जमणार नाही. पण तेवढ्यात बायको आतल्या खोलीत गेली, आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. कंट्रोलर तसेच ओल्या अंगाने दारात उभे राहिले. महिनाभर बंद असलेलं इंजिन चालू झालं, की त्याला लगेच बंद करायचं नसतं, हे डेपोतला कुठलाही मेकॅनिक सांगेल. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

उद्या गठ्ठ्यातले चार कपडे शिवून झाले. परवा गिऱ्हाईकं खूश होऊन गेली. तेरवा बायकोने स्वतःहून विचारलं, "तुमच्या शर्टाचं बटण कधीचं तुटलंय?" असे दिवस जात राहिले, आणि कंट्रोलरांच्या तोंडात मिठाची गुळणी तशीच राहिली.

विमानतळावर सगळ्यांचे डोळे भरले होते, एका बायकोचे सोडून. लेक तिच्या गळ्यात पडून हुंदके देत होती, आणि ती लेकीच्या पाठीवर थापटत म्हणत होती, "वेडी की काय? येणारच आहेस की." आई धीर देतेय असं वाटून लेक आणखीच रडली. जावई बॅगा मोजत होता, सहाच्या सहा. इन्स्पेक्टरने आजोबांना विचारलं, "तुम्ही आत का नाही येत?"

"तिकीट नाही माझ्याकडे."

"तुम्ही एवढे दिवस शोधत होतात, मग स्वतःचं नाही शोधलं?"

कंट्रोलरांनी तिच्या बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

त्यानंतर घर सुरळीत चाललं, आणि तेच वाईट होतं. बायको मजेत होती. दर रविवारी फोनवर सगळे एकमेकांना दिसायचे. ती लेकीला तारखेबद्दल चकार शब्द काढत नसे. सरप्राईज मोडायचं नाही म्हणून. शेजारणींना मात्र तारीख, वार, उतरण्याची वेळ सगळं पाठ झालं होतं. कंट्रोलरांना रस्त्यात कुणी अडवून "काय, मंडळी येतायत ना?" विचारलं, की ते मनगटावरच्या घड्याळात बघून "उशीर होतोय" म्हणत. निवृत्त माणसाला कसला उशीर होतो, हे लोक सभ्यपणाने विचारत नसत. रोज सकाळी ते ठरवत, आज सांगायचं. रोज सकाळी मशीन चालू असे.

आठव्या महिन्यात बायकोने नातीसाठी फ्रॉक कापायला घेतला. अंदाजाने दोन इंच वाढवले, मग तिला शंका आली. रविवारी फोन लागल्याबरोबर तिने फर्मान सोडलं, "इन्स्पेक्टर, दाराला टेकून उभी राहा बघू. आईला म्हणावं टेप आण."

"मापं कशाला गं, आई?" लेक हसून म्हणाली. "पार्सल पाठवतेस? पाठवू नको हं, कपड्यापेक्षा पोस्टच महाग पडतं."

"पार्सल कशाला? आल्यावर घालेल की." आता दीडच महिना उरला म्हणून असेल, तिला राहवलं नाही. "मला सगळं ठाऊक आहे. तुझ्या वडिलांनी तिकीट टेबलावर ठेवलं होतं. बारा तारीख, दुपारी सव्वातीन. कशी पकडली?"

पलीकडे लेकीचं हसू जागच्या जागी थांबलं. एरवी दर रविवारी मोक्याच्या क्षणी अडकणारं नेटवर्क त्या दिवशी उत्तम होतं. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत.

"आपण आजीकडे जाणार?" इन्स्पेक्टरने दाराला टेकूनच विचारलं. "पण आई, तू तर म्हणालीस, मी सहावीत गेल्यावर."

लेकीने आईकडे बघितलं नाही. तिने वडिलांकडे बघितलं. "बाबा?"

कंट्रोलरांनी चष्मा काढला. तरी सगळं दिसत होतं.

"तू ठेव आता," ते लेकीला म्हणाले. "मी बोलतो."

फोन बंद झाला. बायको टेप गुंडाळत होती, बोटाभोवती, घट्ट, शेवटच्या इंचापर्यंत. ती रडेल, ओरडेल, निदान "एवढे दिवस मला वेडी बनवलंत" म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याची उत्तरं त्यांनी आठ महिने तयार केली होती. ती म्हणाली, "यायचंच नव्हतं, तर परतीचं तिकीट काढलंत कशाला?"

याचं उत्तर एकच होतं. त्यात सुधारणा करण्यासारखं काही नव्हतं.

"स्वस्त पडलं," ते म्हणाले.

"कितीनं?"

"नऊ हजारांनी."

तिने मान हलवली, गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप लक्षात घ्यावं तशी.

"तेवढे मी दिले असते," ती म्हणाली.

कंट्रोलर तिच्यासमोर स्टुलावर बसले. डेपोत असताना त्यांनी संपकऱ्यांना, मंत्र्यांच्या ड्रायव्हरांना आणि एकदा तर बसमध्ये शिरलेल्या बैलालाही समजावलं होतं. "मशीन सुरू झालं तुझं," ते कसेबसे म्हणाले. "म्हणून सांगितलं नाही."

"कळलं." मग तिने विचारलं, "त्या खुर्च्यांचं काय होतं? रिकाम्या येतात?"

रिकाम्या येत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. तेही त्यांनी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं होतं. "नाही. माणसं वेळेवर आली नाहीत, की कंपनी त्या जागा दुसऱ्यांना देते. थांबलेलेच असतात लोक."

"आणि खिडकी?"

"तीही."

बायको उठली. मशीनवरचा दिवा लावला, फ्रॉकचं कापड सुईखाली सारखं केलं, पण पाय पायडलवर ठेवून तशीच बसून राहिली.

"असू दे," ती म्हणाली. "कुणाची तरी माणसं येतील."