नवऱ्याच्या आठ ओळी

“‘प्रेमळ’ लिहिलंस का?” तोआदेरने विचारलं.

“अजून नाही.”

“मग लिही, तिच्या तोंडून. माझा नवरा प्रेमळ, मला काही कमी पडू दिलं नाही, शेवटपर्यंत सेवा केली. नावानिशी लिही. पहिला मान नवऱ्याचा, आठ ओळींचा. मला ठाऊक आहे.”

साव्हेताने वही मिटली. आतल्या खोलीत तोआदेरची बायको नास्तासिया शवपेटीत होती. वय एक्कावन्न. दफन दुपारी दोनला होतं.

उत्तर रुमानियातल्या या डोंगरी गावात पेटी अंगणात आणली की मेलेलं माणूस पद्यात निरोप घेतं. गातं दुसरं कुणी, पण ‘मी’ म्हणत, मेलेल्याच्या तोंडून. आधी नवऱ्याचा निरोप, मग मुलांचा, भावंडांचा, शेजाऱ्यांचा. एखादं नाव राहिलं तर ते घर वर्षभर बोलत नाही. चर्चमधले गायक गाव्रिला चाळीस वर्षं ही पद्यं रचत आणि गात आले. आता त्यांचे डोळे गेले, आवाजही गेला. म्हणून वसंतापासून ते पोस्टातल्या साव्हेताला शिकवत होते. हे तिचं तिसरं पद्य.

नास्तासियाच्या पोटात दुखायला लागलं तीन जुलैला. शहरातलं इस्पितळ चाळीस किलोमीटरवर. तोआदेरच्या दारात चालती गाडी होती. त्याने तिला बारा तारखेला नेलं. मधल्या नऊ दिवसांत वरच्या कुरणातलं गवत कापून, वाळवून आत आलं. त्यातले पहिले चार दिवस दाताळं नास्तासियाच्याच हातात होतं. तेराला ती गेली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे तोआदेरचं सांत्वन करत होते.

अकरा वाजता साव्हेता गाव्रिलांकडे गेली आणि पहिली ओळ वाचली: “गवतापायी मारलं.”

म्हाताऱ्याने बोटांवर मोजलं. “आठ. अक्षरं बरोबर आहेत. बोलतंय कोण?”

“नास्तासिया.”

“ती कधी अशी बोलली? ही तू बोलतेयस. मागच्या पद्यात सुताराच्या तोंडी चंद्र घातला होतास. त्याने जन्मात वर पाहिलं असेल ते उद्या ऊन पडेल का बघायला! आता हिच्या तोंडी तुझा राग.”

“मग काय, प्रेमळ नवरा लिहू?” साव्हेताचा आवाज चढला. “नऊ दिवस, आजोबा! बैलाला एवढं दुखलं असतं तर त्याच दिवशी डॉक्टर आणला असता त्याने.”

“खोटं लिहिलंस तर माझी पायरी चढू नकोस.”

“मग ही पद्यं असतात तरी कशाला?”

“त्या वेळी मेलेलं माणूस बोलतं आणि कुणी मध्ये तोंड घालायचं नसतं, त्यासाठी. या गावात बाईला ही एकच वेळ मिळते. ती तू तुझ्या बडबडीत घालवू नकोस. ती शेवटचं कुणाशी बोलली ते विचार जा.”

इटलीत एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करणारी नास्तासियाची मुलगी दोरिना काल आली होती. ती अंगणात पाव कापत होती.

“मी फोनवर ओरडत होते, आई, आत्ताच्या आत्ता नीघ. ती म्हणे, अगं, गवत घरी येऊ दे, पाऊस आला तर सगळं जाईल. मग जाऊ देणारेय तो मला.”

“असंच म्हणाली? ‘जाऊ देणारेय’?”

“असंच.” दोरिनाने सुरी खाली ठेवली. “स्वतःच्या दुखण्याची रजा मागत होती, मावशी.”

दोन वाजता साव्हेता पेटीच्या उशाशी उभी राहिली. गाव्रिला शेजारी खुर्चीवर होते. तोआदेर नव्या सदऱ्यात, टोपी हातात घेऊन पुढे उभा होता. तिने खालच्या पट्टीत सुरुवात केली.

तोआदेर, मी निघाले,
गवत ते घरी आले.
आता पाऊस पडू दे,
मला तेवढं जाऊ दे.

ती थांबली नाही. पुढची ओळ दोरिनाच्या नावाची होती. तोआदेर उरलेल्या चार ओळींची वाट बघत राहिला. त्या येणार नाहीत हे कळल्यावर त्याने तोंड उघडलं. त्याच्याच भावाने त्याचा दंड धरला.

“आत्ता नाही. ती बोलतेय.”

दफनभूमीच्या फाटकाशी पाद्रीबाबांनी साव्हेताला बाजूला घेतलं. “काय गं, माणूस दुःखात आहे, दिसत नाही तुला? यापुढे हे काम तू करायचं नाहीस.”

“खोटं काय म्हटलं मी, फादर?”

“खोटं म्हटलंस असं कोण म्हणतंय?” ते म्हणाले आणि निघून गेले.

गाव्रिला तिचा हात धरून उतार उतरत होते. “चार ओळी कमी भरल्या,” ते म्हणाले.

“हो.”

“मोजल्या मी.”

सोमवारी पोस्टाच्या खिडकीशी वखारीतल्या कामगाराची बायको वार्वारा आली. हातात पत्र नव्हतं, पाकीट नव्हतं. मागच्या बाईचं काम होईपर्यंत ती बाजूला उभी राहिली.

“साव्हेताकाकू, माझं आत्ताच लिहून ठेवाल?”

“काय गं?”

“निरोपाचं.”

“वेडी की काय? तिशीसुद्धा नाही तुझी. आणि मला आता बंदी आहे, ऐकलं नाहीस?”

“गाऊ नका. नुसतं लिहून घ्या.” ती खिडकीच्या लाकडावरून बोट फिरवत राहिली. “माझी पोरं लहान आहेत, दोरिनासारखं सांगायला कुणी नाही. नंतर विचाराल कुणाला?”

साव्हेताने खिडकीत ‘बंद’ची पाटी लावली, बाजूचं दार उघडलं आणि तिला आत खुर्ची दिली.