डावीकडची मागची सीट

रिकामी सीट उभी दिसली की चिहारु ओगुरीला खरकटं ताट पडून राहिल्यासारखं वाटायचं. हामामात्सुजवळच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या मागच्या सीट आखायची. दुमडल्या की गाडीच्या तळातल्या खळग्यात जाणाऱ्या आणि वर नुसती सपाट फळी ठेवणाऱ्या अशा त्या सीट असत. यंदाची सीट तर कोणी हात न लावता जायची. मागचं दार लावलं की ती आधी आपल्यावर कोणी बसलंय का ते चाचपायची, आणि कोणी नसलं की पाठ पोटाशी घेऊन गुमान खाली उतरायची. तिचे साहेब नागुरा म्हणजे सदा एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा, पण ही सीट बुडताना पाहून ते टाळ्या वाजवायचे. "माणूस नाही तर सीट नाही," ते म्हणायचे. "उगाच जागा कशाला अडवायची?"

खोट एकच होती. डावी सीट एप्रिलपासून अडून बसायला लागली. उजवी मुकाट खाली जायची आणि डावी रिकामी असून वरच राहायची. समोरच्या पडद्यावर त्या जागी माणसाचं छोटं चित्र पेटलेलं असायचं, आणि भार मोजणारा सेन्सर काहीतरी हलकंसं बसलंय म्हणायचा. चिहारुने सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, शेवटी अख्खी सीट बदलली, पण घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. बरं, ती गाडीत नसली की हीच सीट शहाण्यासारखी खाली जायची, त्यामुळे तिची तक्रार कोणाला धड पटतही नव्हती. "तुझ्यावरच रुसलीये ती," नागुरा म्हणाले.

सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी तिने वैतागून शेवटचा उपाय केला. इतका हलका भार माणूस म्हणून धरूच नकोस, असं सेन्सरला बजावलं. दुखणं तसंच ठेवून दुखणाऱ्याचं तोंड दाबण्यातला हा प्रकार होता, आणि ते तिला कळतही होतं. कारखान्याच्या आवारात गोदामासमोर गाडी उभी होती. तिने दार लावलं. डावी सीट जरा थांबली आणि मग गेली. नागुरांनी टाळ्या वाजवल्या. चिहारुला मात्र दार उघडून आत बघावंसं वाटलं, पण सगळे उभे होते म्हणून बघितलं नाही.

मग ओबोनची सुट्टी लागली. गेलेली माणसं चार दिवस घरी येतात ते हे दिवस, आणि तिचे वडील गेनिची फेब्रुवारीत गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन. घाटातही चालवून बघ म्हणून साहेबांनी तिला चाचणीची गाडीच नेऊ दिली. तेन्र्यू नदीच्या वरच्या अंगाला, चहाच्या उतारावरच्या घरात आई तोमे आता एकटी होती.

गेनिचींना ही सीट बघायची फार हौस. "तू करतेस त्या सीटवर एकदा बसू दे की मला," असं ते दर फोनवर म्हणायचे. नवी गाडी बाहेरच्या माणसाला दाखवायची नाही असा तेव्हा कंपनीचा नियम होता; तो सैल झाला ते गेनिची गेल्यावर. "बाजारात आली की पहिले तुम्हीच बसा, बाबा," ती म्हणायची. यावर दुसरा कोणी फुगून बसला असता. हे गावभर सांगत फिरले, आमची मुलगी फार नियमाची. माणूसच तसा. बसमध्ये चढणाऱ्याचा नुसता पाय दिसला तरी हे उठून उभे राहायचे. दुखण्यात दवाखान्यात नेलं तेव्हाही बाकावरची जागा दुसऱ्याला देऊन भिंतीला टेकून उभे होते.

तेराव्या तारखेला दिवस कलताना मायलेकी त्यांना आणायला थडग्यापाशी गेल्या. तोमेने धूप लावला, कंदील पेटवला, दोन शब्द पुटपुटली आणि गाडीचं मागचं दार उघडून म्हणाली, "चला. काकडीचा घोडा केला होता तुम्हाला बसून यायला, पण पोरगी म्हणाली गाडी आहे." मग आत वाकून बघत तिने विचारलं, "बसायचं कुठे गं यांनी? ही तर नुसती फळी आहे."

चिहारुने बटण दाबून डावी सीट वर काढली. तोमेने हाताने झटकली, म्हाताऱ्या माणसाला चढायला लागेल तितका वेळ वाट पाहिली आणि हलकेच दार लावलं.

सीट खाली गेली.

तोमे काचेतून बघत राहिली. आधीच्या वर्षी गावातला विहीर खणणारा मातीखाली दबला तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता.

"जमिनीत घातलंस त्यांना," ती म्हणाली.

"आई, तसं नाही गं. कोणी बसलेलं नसेल तरच ती जाते."

"म्हणजे आलेच नाहीत."

हे जास्त वाईट झालं. म्हातारी कंदील घेऊन तशीच उभी राहिली. उद्या सगळं गाव घरी येणार, घंटा वाजवून हात जोडणार, आणि देव्हाऱ्यात नुसता फोटो. चिहारुला ते बघवेना. समजूत घालायची म्हणून ती बोलायला गेली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून बसली.

"यंत्र आहे आई, त्याचं काय मनावर घेतेस? हीच सीट इतके महिने रिकामी असून वर राहायची. मी शुक्रवारी ताळ्यावर आणली."

तोमे वळली. "हीच? डावीकडची?"

"हो."

"कधीपासून वर राहायची?"

"एप्रिल. आपण बाबांना एकोणपन्नासाव्या दिवशी निरोप दिला ना, त्यानंतर मी कामावर गेले तेव्हा..." चिहारु बोलता बोलता थांबली.

"आणि तू नसलीस की?"

"गुमान खाली जायची." चिहारुच्या अंगावर सरसरून काटा आला होता. त्या उतारावर वारा पडलेला, रातकिडे ओरडत होते, आणि तिला शुक्रवारची ती सीट आठवत होती, जाण्याआधी जरा थांबलेली. कोणाला तरी घाईने उठायला लागावा तितकाच वेळ ती थांबली होती.

"शुक्रवारी काय केलंस तू?" तोमेने विचारलं.

"इतका हलका असेल तर तो माणूस नाही, असं सांगितलं तिला."

"शेवटी शेवटी काय उरलं होतं गं त्यांच्यात? मी एका हाताने उठवून बसवायची." तोमे पुढच्या सीटवर चढली आणि कंदील मांडीवर धरला. "आणि ते भांडले नसणार. उठा म्हटल्यावर उठले असतील. कुठे उतरवलंस?"

"कारखान्यात. गोदामासमोर."

"चल मग. रस्ता नाही सापडायचा त्यांना तिथून."

नदीच्या कडेकडेने त्या खाली उतरल्या तेव्हा नुकता अंधार पडला होता. कारखाना सुट्टीमुळे बंद. फाटकावर पहारेकरी कुरिता कलिंगड खात बसला होता.

"ओगुरीबाई? सुट्टीत कुठे? काही राहिलं का आत?"

"आमचे हे राहिलेत," तोमे म्हणाली.

कुरिताने तिच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या कंदिलाकडे पाहिलं. ओबोनमध्ये पेटता कंदील घेऊन आलेल्या म्हातारीला फाटे फोडून विचारू नये, एवढं त्यालाही घरून शिकवलेलं होतं. त्याने टोपी काढली आणि फाटक उघडलं.

गोदामासमोर चिहारुने लॅपटॉप जोडला आणि शुक्रवारचं सगळं उलटं फिरवलं. हलका भारही माणूसच धर, असं सेन्सरला पुन्हा सांगितलं. दोनदा बटणं चुकली. मग डावी सीट वर काढून तिने दार उघडलं.

"चुकलं पोरीचं," तोमे त्या रिकाम्या आवाराला म्हणाली. "या, बसा."

कोणी आलं नाही. म्हणजे दिसलं नाही. चिहारुने दार लावलं आणि ती काचेतून बघत राहिली. सीट वरच होती. आत पडद्यावर माणसाचं छोटं चित्र पेटलं.

हा जुनाच बिघाड आहे, हे तिला कळत होतं. उद्या कोणी विचारलं असतं तर तिने तसंच सांगितलं असतं.

परतीच्या वाटेवर तोमे एकटीच बोलत होती, मान मागे वळवून. शुक्रवारपासून तिथेच उभे होता का, शनिवारी पाऊस पडला तेव्हा आडोशाला तरी गेलात का, का तेही नाही. चिहारु आरशात बघायचं टाळत होती. एका वळणावर गाडी जोरात वळली आणि मागे सीट करकरली, कोणी तोल सावरून बसावं तशी. तिने वेग कमी केला. तिला भीती वाटत होती, आणि ते चित्र विझेल याची त्याहून जास्त.

घरापुढे तोमेने दार उघडलं. "चला, आलं घर." जरा थांबून तिने दार लावलं. सीट वरच राहिली. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा बोलावलं, या खेपेला जरा मऊ आवाजात, आणि पुन्हा लावलं. चित्र पेटलेलंच होतं.

तोमेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा जन्म एकत्र काढून हाकेला ओ मिळेना, याचं कोणाला वाईट वाटणार नाही? "माझ्या हाकेने नाही यायचे," ती म्हणाली. "तू उतरवलंस, तूच बोलाव. मी कंदील आत ठेवते." आणि ती गेली.

चिहारुने दार उघडलं. काळ्या कापडाची सीट, तिने स्वतः निवडलेल्या टाक्यांची. काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं, आणि मग जे खरं विचारायचं होतं तेच तोंडून निघालं.

"कशी आहे सीट, बाबा?"

बसू द्यायला हवं होतं, नियम गेला चुलीत, एकदा रविवारी आणून बसवायला हवं होतं, असं ती भडाभडा बोलली आणि लहान मुलीसारखी रडली. मग बाहीने तोंड पुसून तिने हात पुढे केला.

"उतरा आता. पायरी उंच आहे, दमानं."

हाताला काही लागलं नाही. तिने दार लावलं. पडद्यावरचं चित्र विझलं, आणि सीट पाठ पोटाशी घेऊन खाली गेली.

घरात दिवा लागला होता. आतून तोमेचा आवाज आला, रोजचा, जरा करवादलेला.

"चिहारु, ये आता आत. हे विचारतायत, पोरगी जेवली का."