सातवं नाव

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो, आणि पहिल्यांदाच सांगून टाकतो की मला थापा मारायची खोड आहे. खोड माझी नव्हे, धंद्याची. सकाळी माझ्यावर जे लिहीत ते संध्याकाळी पुसून टाकत. असं वर्षानुवर्षं झाल्यावर खरं काय नि खोटं काय, याचं फारसं मनाला लावून घेता येत नाही.

सध्या मी मुलुंडच्या एका शाळेच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडून असतो. पोरं माझ्यावर डबे ठेवतात. कावळे पोळीचे तुकडे टाकून जातात. पण एके काळी मी येऊरच्या डोंगरावर साग होतो. इतका उंच की विमानं मला वळसा घालून जात. एका वाघाने माझ्या बुंध्यावर नखांना धार लावली होती, आणि पुढे तो वाघ बे एके बे म्हणताना लोकांनी ऐकला. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी भाऊ सुताराने मला घडवलं. तीन फळ्या जोडल्या, आणि वरच्या दोन फळ्यांमध्ये एक बारीक फट राहिली. भाऊ म्हणाला, "चालेल. पोरांना काय कळतंय!" पोरांना नाही कळलं, पण मार्तंड मास्तरांना कळलं. खडू त्या फटीत अडकून मोडला तेव्हा त्यांनी भाऊला वर्गात बोलावून मुलांसमोर उभं केलं आणि विचारलं, "ही फट कुणाची?" भाऊ माझ्यापेक्षा काळा पडला.

असे आमचे मास्तर. धोतर, काळा कोट, आणि नजर अशी की चालता पंखाही थबकेल. (आमच्या शाळेत पंखा नव्हता, पण असता तर थबकला असता.) छडी त्यांच्याकडे नव्हती, लागतच नव्हती. "उभा राहा" एवढंच म्हणत, आणि मुलगा एका पायावर उभा राही. कोणता पाय, तेही विचारत नसे. सहा वर्षांत त्यांनी एक दिवस शाळा चुकवली नव्हती. आणि कागदावर काही टिपून ठेवणं त्यांना माहीत नव्हतं. पटावरची सगळी नावं, सगळ्यांचे गुण, कुणाची पाटी कधी फुटली, सगळं तोंडपाठ.

सातवीच्या वर्गात मालन नावाची मुलगी होती. तिचे वडील गुणाजी, मूळचे कोकणातले. परळच्या गिरणीतलं काम सुटल्यावर भांडुपला मिळेल ते करत. चाळीतल्या नळावर पाणी भरून मालन शाळेत यायची आणि चार दिवसांतून एकदा उशीर व्हायचाच. उशीर म्हणजे दाराबाहेर उभं राहायचं. मास्तर तिला कधी आत घेत नसत. मात्र त्या दिवशी ते इतक्या मोठ्याने शिकवत की दाराबाहेरच काय, नाहूरच्या चाळींतही अपूर्णांक ऐकू जात. आणि माझं तोंड जरा दाराकडे फिरवलेलं असे. पोरांना वाटे, उजेडासाठी. खरं कारण मला कळत होतं.

आमच्याकडे दोन कडक नियम होते, ते नीट ध्यानात ठेवा. एक, दर शनिवारी फळा दोन्ही बाजूंनी काळा करायचा. कोळसा कुटायचा, घेवड्याची पानं वाटून त्यात कालवायची आणि चिंधीने मला माखायचं. पाळी ठरलेली असे. पाळी चुकली की अख्खा वर्ग एका पायावर. दुसरा नियम निकालाचा. निकाल मास्तर माझ्या मागच्या बाजूला लिहीत आणि ती बाजू भिंतीकडे करून ठेवत. ठरल्या दिवशी फळा फिरवत. तोवर त्या बाजूला डोळा लावायचा नाही.

चोपन्न सालच्या जानेवारीत सातवीच्या फायनलला, म्हणजे सरकारी परीक्षेला, बसणाऱ्या सात मुलांची यादी लागायची होती. सगळ्यांना बसवत नसत, शाळेचा निकाल पडतो म्हणून. त्या आठवड्यात गुणाजी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"गुरुजी, जरा बोलायचा होता."

"चपला बाहेर, गुणाजी. बोला."

"औषधांच्या कारखान्यात बाटल्यो धुवूक पोरी घेतत. मालनक घेतले म्हणतत. तुम्ही फळ्यार तिचा नाव लिवलात तर शिकांदे. नाय लिवलात तर एक तारखेपासून जाऊंदे थय."

मास्तर म्हणाले, "सोमवारी फळा फिरेल. तेव्हा बघा." एवढंच. मालन खाली मान घालून पाटीची कड खरवडत होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला फिरवलं. कपाळाला घाम होता आणि खोकला आत दाबत होते. सहा नावं झरझर लिहिली. मग खडू घेऊन इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, सातवं लिहायचंच नाहीये. पण लिहिलं. ते कोणतं, हे मी शेवटी सांगेन. इतकी वर्षं धरून ठेवलंय, थोडा धीर धरा. लिहून झाल्यावर त्यांनी ती बाजू भिंतीकडे केली, हाताची खडूची पूड कोटाला पुसली, असं ते कधीच करत नसत, आणि भिंत धरत बाहेर पडले.

शनिवारी मास्तर आलेच नाहीत. वर्ग तरी गप्प बसून होता. मास्तर येत नाहीत ही गोष्टच कुणाला पटत नव्हती. कुणी म्हणे, परीक्षा घेतायत, दाराआडून बघत असतील.

शेवटी दत्ताराम उठला. चाळीतला सर्वांत वात्रट पोरगा. "फिरवून बघू या ना, यार! कुणाला कळणाराय?"

"मास्तरांना कळतं," मालन म्हणाली. "बस खाली. आज फळा काळा करायची माझी पाळी आहे."

"येडी का तू?" श्यामकांत म्हणाला. हा एका कारकुनाचा मुलगा, वर्गात पहिला, आणि घाबरण्यातही पहिला. "मागे यादी आहे ना!"

"म्हणून काय झालं? दोन्ही बाजू म्हणजे दोन्ही बाजू. मागल्या वेळी अर्धाच केला तर काय झालं, विसरलास? आणि यादी मास्तरांना तोंडपाठ असते. सोमवारी परत लिहितील."

"आणि नाही लिहिली तर?"

"लिहितील रे! पण माझी पाळी चुकली म्हणून त्यांनी माझं नाव काढलं तर? असलं तर, म्हणते मी."

ती मुलं मास्तरांना मुलुंडच्या डोंगरासारखं गृहीत धरून चालली होती. सोमवारी सकाळी डोंगर जागेवर नसेल, असं कोण म्हणेल?

प्रश्न उरला एकच, बघायचं तर नाही. मग दत्तारामने आपला रुमाल मालनच्या डोळ्यांवर बांधला. श्यामकांतने मला भिंतीपासून ओढून धरलं आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. मालनने कोळशाच्या डब्यात चिंधी बुडवली.

"बघतोयस काय रे दत्त्या?"

"आईशपथ नाय! डोळे मिटलेत."

आणि मित्रांनो, खरंच मिटले होते. जन्मात कधी न मिटलेले दत्तारामचे डोळे त्या सकाळी मिटलेले मी पाहिले. मालनचा हात डावीकडून उजवीकडे फिरू लागला. पहिलं नाव गेलं. दुसरं गेलं. मी ओरडलो. पण लाकूड ओरडलं तरी करकरतंच फक्त. श्यामकांत म्हणाला, "खिळा ढिला झालाय वाटतं." चिंधी खाली खाली येत राहिली. शेवटच्या ओळीशी मालन थांबली, म्हणाली, "इथे राहिलं का रे काही?" कुणी बघत नव्हतं, तर सांगणार कोण? तिने तिथून आणखी दोनदा हात फिरवला, चांगला दाबून.

रविवारी दुपारी मार्तंड मास्तर गेले. छातीचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी वर्ग भरला. मुख्याध्यापक आले, दोन शब्द बोलले, मग म्हणाले, "मास्तरांनी यादी लिहून ठेवलीय असं ऐकतो." त्यांनी मला फिरवलं. इतका सुरेख काळा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. ऊन पडलं होतं आणि मी चकाकत होतो. माझ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. सबंध वर्ग, कुणी न सांगता, एका पायावर उभा राहिला. मुख्याध्यापकांना काही कळेना. "बसा, बसा," ते म्हणत होते.

गुणाजी दारात होते. चपला बाहेर काढून.

मग कपाटातल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांवरून गुण काढले आणि वरची सात मुलं घेतली. मालन आठवी होती. एक तारखेला ती कारखान्यात गेली. श्यामकांत सहा महिने रडका चेहरा घेऊन फिरत होता. दत्तारामने तो रुमाल परत मागितला नाही.

माझं पुढचं काय सांगू? नवे मास्तर आले, चांगले होते. भिंतीत सिमेंटचा फळा झाला आणि मला अंगणात काढलं. उन्हाने माझी फट रुंदावली. आता मधून टाकीतलं पाणी दिसतं.

गेल्या वर्षी मालन आली होती. धाकट्या भावाला पहिलीत घालायला. बाटल्या धुवायच्या सोड्याने हाताची सालं गेलेली. पाणी प्यायला म्हणून तिने मला उचललं, आणि ओळखलं. फटीवरूनच ओळखलं असावं. पाणी प्यायची राहिली. खालच्या कडेला, जिथे तिने तेव्हा दोनदा हात फिरवला होता, तिथे तळवा ठेवून हळूच म्हणाली, "होतं का रे माझं?"

मी जीव खाऊन करकरलो.

"नसेलच," ती म्हणाली. मला नीट झाकून ठेवलं, भावाचा हात धरला आणि गेली.

मित्रांनो, तुम्हाला सांगतात ना, जुन्या वस्तू जपा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, ते सगळं बरोबर आहे. मला जपलं नाहीत तरी चालेल. वाघाची गोष्ट खोटी होती. विमानांचीही. मी येऊरचा साग नाही, कुणाच्या तरी मोडक्या पलंगाचं लाकूड आहे मी. पण एवढं एक खरं आहे, आणि ते सांगायला मला तोंड नाही, तुम्हाला आहे. भांडुपच्या त्या औषधांच्या कारखान्यातून संध्याकाळी बायका सुटतात, त्यांत एक असते. हातांवरून ओळखाल. तिला गाठून सांगा, की सातवं नाव मालन गुणाजी होतं. मास्तरांनी ते एकदा लिहिलं, अक्षर मनासारखं आलं नाही म्हणून पुसलं, आणि पुन्हा लिहिलं. शिरोरेषा सरळ होती.