लाल फडक्यातला नकाशा

चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज, कोरडा आणि आखूड, कुठेही कानावर पडला की माझं डोकं अजूनही तापतं. फोर्टातल्या त्या लिलावाच्या दालनात दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून तिरपं उतरायचं, पितळी होकायंत्रांवर, चिनी मातीच्या बरण्यांवर, नकाशांच्या सोनेरी चौकटींवर रेंगाळायचं, आणि शेवटी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर, माटुंग्याच्या साहेबांच्या चष्म्यावर येऊन स्थिरावायचं. हात वर करणं, पाटी हलवणं हे इतरांनी करावं. चष्मा नाकावर आहे तोवर साहेबांची बोली चालू आहे आणि चष्मा डबीत गेला की साहेबांचा रस संपला, हे पुकारा करणाऱ्याला तोंडपाठ होतं. ती डबी हातोडी पडण्याआधी मिटलेली मी क्वचितच ऐकली. हवं ते मिळाल्यावरच ती मिटायची.

'साहेबांचा' वगैरे इथवरच. यापुढे मी 'तो' म्हणणार आहे. हयातीत अहो-जाहो पुष्कळ केलं. गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये, असं आई मला बजावते. ती तिच्या जागी बरोबर आहे आणि मी माझ्या.

मी मालती परब. गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी माझं जुन्या कागदांच्या डागडुजीचं दुकान आहे. फाटलेले नकाशे सांधायचे, कसरीने पोखरलेली अॅटलासची पानं भरून काढायची, डाग उतरवायचे, पाठीला कापड लावायचं. आश्विनाचं निर्मळ ऊन पडलं, हवेतली ओल सरली, की तो यायचा. पावसाळाभर त्याचं नखही दिसत नसे, कारण दमट हवेत कागद घराबाहेर काढणं त्याच्या लेखी पाप होतं. शरदाबरोबर येणारा हा पाहुणा उंबऱ्यात उभा राही, हात पाठीमागे बांधून, अंगाला डांबरगोळ्यांचा मंद दर्प, काखेत लाल मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेली नकाशांची नळी. बसा म्हटलं तर बसायचा नाही. चहा विचारला तर मान हलवायचा, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खोटं कशाला बोलू, कागदाची जाण त्याच्याइतकी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. डोळे मिटून तो तर्जनी कागदावरून फिरवी आणि कागद चिंध्यांचा की लाकडाच्या लगद्याचा, हे सांगे. निळ्या समुद्रावर बोट ठेवून तो रंग हाताने भरलेला आहे की नंतर कुणी लबाडीने चढवलेला, हे ओळखे. माझी नजर जी काही तयार झाली, ती त्याच्या बोटामागोमाग फिरून झाली. आणि हाच माणूस, ज्याच्या भिंतीवर अवघी पृथ्वी टांगलेली होती, तो माझ्या दुकानातून निघताना दर वेळी विचारायचा, "चर्नी रोड स्टेशन कुठल्या बाजूला, हो?" दर वेळी! मी सांगायची, डावीकडे. तो उजवीकडे वळायचा.

त्याला चीड होती ती नावांची. जुन्या नकाशावर कुणा ना कुणाची अक्षरं असतातच. कुणी खलाशी आपल्या गावाजवळ पेन्सिलीने फुली मारतो, कुणी शाळकरी मुलगी अॅटलासच्या कोपऱ्यात आपलं नाव गिरवते. "हे काढा, मालतीबाई. नावांनी नकाशा मळतो." मी काढायची. खोडरबराचा बारीक भुगा अक्षरांवर पसरायचा आणि तळव्याने हलकेच गोल गोल फिरवायचा. दहा मिनिटांत माणूस नाहीसा. तेवढी दहा मिनिटं तो उंबऱ्यातून टक लावून बघायचा आणि अक्षर गेलं की समाधानाने निघून जायचा. पण पुसणं हे निम्मंच काम असतं. पेन्सिलीच्या दाबाने कागदात खळगे पडलेले असतात. त्यांना अलगद ओल द्यायची, टिपकागदांत घालून वजनाखाली ठेवायचं, दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं की ते भरून येतात. हे दुसऱ्या दिवसाचं काम बघायला तो कधी थांबला नाही.

आमच्यात एक शिरस्ता होता आणि तो माझ्याच रागातून जन्मलेला. सुरुवातीच्या दिवसांत एकदा त्याने एक पान माझ्याकडे राहिल्याचा संशय घेतला. शब्दाने नव्हे, नुसत्या भुवईने. माझं पित्त खवळलं. पान त्याच्याच घरी, त्याच्याच पुस्तकात सापडलं, पण तोवर मी बोलून बसले होते: "यापुढे तुमच्या लाल फडक्यात जे असेल ते तुमचं, माझ्या पांढऱ्या फडक्यात जे असेल ते माझं. त्यापलीकडे मला एक चिटोरंही नको!" तेव्हापासून ना चिठ्ठी, ना पावती. लाल फडकं यायचं, लाल फडकं जायचं. माझ्या तोऱ्याचं मला केवढं कौतुक होतं तेव्हा.

आता बाबांबद्दल सांगते. माझे वडील, यशवंत परब, परळच्या एका गिरणीत आरेखक होते. यंत्रांचे भाग कागदावर काढायचे. काळाचौकीला आमच्या चार चाळी एका चौकाभोवती उभ्या होत्या, आणि गणपतीच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीचा मान खोल्यांना पाळीपाळीने मिळे. त्या पाळीवरून दरवर्षी भांडणं. म्हणून बाबांनी मोठ्या कागदावर चारही चाळी काढल्या. प्रत्येक मजला, प्रत्येक खोली, मधला नळ, बदामाचं झाड, मंडपाच्या जागी शेंदरी चौकोन. सगळ्या रेषा निळ्या शाईत, आणि प्रत्येक खोलीत पेन्सिलीने घराचं नाव. कुणी वारलं, कुणी खोली सोडून गेलं, तरी बाबा जुनं नाव पुसत नसत. "माणूस खोडायचं नसतं गं," ते म्हणत, "त्याच्याखाली पुढचं नाव लिहायचं." एकेका खोलीत तीन-तीन नावांची उतरंड होती. गिरणीत कार्बन घालून प्रती काढायची सवय, त्यामुळे बाबांचा हात जड. पेन्सिल ते कागदात रुतवायचे.

बाबा गेले. चाळी पाडायचं ठरलं. कोण परळला, कोण डोंबिवलीला, कोण गावी, अशी सगळी पांगापांग झाली आणि ते सगळे पुन्हा एका जागी फक्त त्या कागदावर उरले. आईने तो माझ्या हातात दिला. "तुझ्या बापाशीचो कागद. नवीन कापड लाव आणि माका परत दी." मी दुकानात आणला, पाठीला कापड लावलं. त्याच दिवशी त्या माटुंगेकराचा एक बंदराचा नकाशा तयार झाला होता. अवेळी आभाळ भरून आलं, खिडकीतून वावटळ आत शिरली, मी घाईघाईने जे हाताला लागलं ते गुंडाळलं. बाबांचा कागद बंदराच्या पोटात गेला. लाल फडक्यात. त्याचा माणूस आला आणि नळी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी माटुंगा गाठलं. कागद त्याच्या मेजावर उलगडलेला होता, चार कोपऱ्यांवर चार पितळी वजनं.

"चुकून आला तो, साहेब. माझ्या वडिलांच्या हातचा आहे."

"हात दिसतोच आहे. असा हात आता मिळत नाही." त्याचं बोट आमच्या चौकातून फिरत होतं. "पण लाल फडक्यात आला ना? शिरस्ता तुमचाच, मालतीबाई."

"माझी आई वाट बघतेय त्याची."

"ही नावं तेवढी काढून द्या. फार मळवलाय."

"अहो, ती नावं म्हणजेच तो नकाशा आहे!" मी ओरडलेच.

"नसेल करायचं तर राहू द्या. तुम्हाला करताना मी पाहिलंय. मी करीन."

एवढं बोलून त्याने चष्मा उतरवला, डबीत ठेवला आणि डबी मिटली.

मी काय करणार होते? दाखवायला कागदाचा कपटा नव्हता. पुन्हा गेले, तिसऱ्यांदा गेले, दाराच्या साखळीमागून नोकर 'साहेब झोपलेत' म्हणाला. आई पहिले काही दिवस रोज विचारायची, "कागद खंय गो?" मग तिने विचारणं सोडलं, आणि माझ्याशी बोलणंही. त्या वर्षी आश्विनातलं ऊन मला सोसवेना. दर दुपारी उंबऱ्याकडे बघायची आणि तो आला तर काय काय सुनवायचं, ते मनात घोकायची. तो आला नाही. नंतरही कधी आला नाही. लाज वाटून आला नाही, असं मला कुणी सांगू नये. त्याला दुसरा कारागीर सापडला असणार.

आणि मग तो मेला. परदेशातल्या पुतण्यांनी सगळा संग्रह लिलावात काढला. मी फोर्टात गेले, तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची लोकांनी आदराने मोकळी सोडली होती, तिच्यात जाऊन बसले. मुद्दाम बसले. समुद्र, खंडं, मोगली सुभे, एकामागून एक हातोडीखाली गेले. आणि मग बाबांचा कागद आला, चौकटीत, काचेआड: 'अनामिक आरेखक, कामगार वस्तीचे शोभिवंत रेखाटन'. लांबूनही दिसलं की खोल्या कोऱ्या होत्या. एकही घर शिल्लक ठेवलं नव्हतं मेल्याने. मी पाटी वर केली.

शेजारची तरुण मुलगीही पाटी वर करत होती. दोन-तीनदा आमची बोली एकमेकींवर चढली. ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "आँटी, तुमच्या हॉलसाठी का? मला एका कॅफेच्या भिंतीसाठी हवंय. मस्त जुना फील आहे ना?"

"पोरी, त्या खालच्या मजल्यावरच्या तिसऱ्या खोलीत माझा जन्म झालाय."

तिने एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पाटी मांडीवर उलटी ठेवली. "अय्या, मग तुम्हीच घ्या ना." हवी असलेली वस्तू अशी एका वाक्यात सोडता येते माणसाला. कितीला पडला ते लिहीत नाही. आईच्या कानावर गेलं तर पुन्हा अबोला धरायची.

दुसऱ्या दिवशी आईला दुकानात आणून बसवलं आणि चौकट उघडली. कोपऱ्यातली बाबांची पेन्सिलीतली सहीसुद्धा त्याने ठेवली नव्हती. माझा संताप संताप झाला. आई कोऱ्या चौकोनांकडे बघत राहिली. साडेचार वाजत आले होते. वाडीतल्या समोरच्या घरांच्या फटीतून ऊन आडवं आत आलं, मेजाच्या पातळीला टेकलं, आणि पुढच्या चौकोनात काहीतरी हललं. मी कागद थोडा कलता धरला. खळगे! बाबांच्या जड हाताचे खळगे. त्याने पेन्सिल पुसली होती, पण ओल दिली नव्हती, दाबाखाली ठेवलं नव्हतं. ते त्याला ठाऊकच नव्हतं. दहा मिनिटं बघून कारागीर झाला होता शहाणा! त्याच्या उतावळेपणामुळे माझा बाप वाचला. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

"आई, तीन नंबर वाचता येतोय."

"तो आपलोच," आई म्हणाली. किती दिवसांनी माझ्याशी बोलली! "आठात सावंतीण. बघ, आसा?"

"आहे."

"तिच्याखाली तिची सून."

"तीही आहे."

"मगे लिही."

मी पेन्सिलीला टोक केलं. टोक खळग्यात ठेवलं की पुढची वाट अक्षर आपणच दाखवी. माझा हात बाबांच्या हातामागून चालत राहिला, खोलीमागून खोली, ऊन असेपर्यंत. रोज साडेचार ते पाच, असे कितीतरी दिवस लागले. आता तो कागद काळाचौकीला चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत खालच्या सभागृहात लागलाय, आणि आरतीच्या पाळीवरून त्याच्यासमोर उभं राहून परत आलेले लोक पुन्हा कडाकडा भांडतात.

चौकटीत कागदामागे घातलेलं त्याचं लाल फडकं माझ्याकडे राहिलंय. त्याने जमवलेली पृथ्वी एका दुपारी वाटेल त्या भिंतींवर पांगली, आणि तीतल्या एकाही कागदावर त्याचं नाव नाही. नावांनी नकाशा मळतो ना. मीही इथे सावंतीण लिहिली, तिची सून लिहिली, बाबांचं आणि माझं नाव लिहिलं, त्याचं मात्र कुठेही लिहिलेलं नाही आणि कुणी विचारलं तरी सांगणार नाही. काळ माणसाला पुसतो, पण निम्माच. उरलेला खळगा आठवणाऱ्यांच्या स्वाधीन असतो, आणि त्याच्या खळग्याला ओल देऊन वजनाखाली ठेवायचं ते दुसऱ्या दिवसाचं काम मला येतं.