चादरीवरचं नाव

"वहिनी, ओटीपी सांगा."

फोनवर भाऊजी होते. कस्तुरीने शिवणाचं मशीन थांबवलं आणि मोबाइलवर आलेले आकडे मोठ्याने वाचले. तिचा सरकारी धंदा हल्ली एवढाच उरला होता.

नवरा, श्रीनिवास, होता तोवर गोष्ट वेगळी होती. तो सायकलवर चादरींचे नमुने घेऊन सरकारी इस्पितळात जाई, मेट्रन कापड ताणून बघे, आणि ऑर्डर घेऊनच तो काशीतल्या पंचगंगा घाटाच्या गल्लीत परते. मग तो गेला, आणि इस्पितळाची खरेदी ऑनलाइन पोर्टलवर गेली. तेव्हा त्याचे मित्र बिंदुमाधवभाऊजी देवासारखे धावून आले. तिच्या 'पंचगंगा वस्त्र'चं रजिस्ट्रेशन त्यांनी केलं, पासवर्डही त्यांनीच ठेवला; ओटीपी तेवढा तिच्या मोबाइलवर येई. दर टेंडरला ते स्वतःचा भाव भरत आणि तिच्या नावाने त्याहून थोडा चढा. चढाओढ दिसायला नको का? कस्तुरी बिचारी इमानेइतबारे हरायची. दिवाळीला साडी आणि मिठाईचा डबा घरपोच. हरायचा पगार असा कुणाला मिळतो!

या खेपेला मात्र भाऊजी स्वतः धापा टाकत जिना चढून आले.

"घोटाळा झाला, वहिनी. माझ्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती, मलाच बाहेर काढलं. टेंडर तुमच्या नावावर मंजूर झालं."

"म्हणजे चादरी आपण शिवायच्या?" दुसऱ्या मशीनवरची इंदू ओरडलीच.

कस्तुरी ताडकन उठून उभी राहिली. आनंदच होता तो, दुसरं काही नाही.

"मी आणखी बायका बसवते, भाऊजी. मोहल्ल्यात शिवणाऱ्या काय कमी आहेत?"

"आणि कापडाला पैसा? वेळेत माल पोचला नाही तर ब्लॅकलिस्ट तुम्ही व्हाल, मी नाही. माझा माल तयार पडलाय, तोच जाईल. तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बस."

"निदान थोड्या तरी आम्हाला शिवू द्या."

"जिद नका करू, वहिनी. श्रीनिवास गेल्यावर कोण उभं राहिलं होतं?"

नाही म्हटलं तरी अडकणार ती, हो म्हटलं तरी तीच. इकडे आड, तिकडे विहीर. मोबाइल वाजला. तिने आकडे वाचले.

थंडीत इंदूची सासू त्याच इस्पितळात भरती झाली. कस्तुरी डबा घेऊन गेली, आणि तिथे तिने त्या चादरी पाहिल्या. कोपऱ्यावर शिक्का होता, 'पंचगंगा वस्त्र'. कापड जाळीसारखं विरळ, काठाची दुमड उसवून दोरे लोंबत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी ते दोरे बोटाला गुंडाळत, दोन धुण्यांतच उसवणारी चादर शिवली तरी कुणी म्हणून कुरकुरली, "दुइयै धुलाई में उधड़ गइल. न जाने के सियले हौ."

"हमने," कस्तुरी म्हणाली.

इंदू चमकली. "काकू, झूठ कशाला बोलता?"

"नाव कुणाचं आहे त्यावर?"

तिने पदराला टोचलेली सुई काढली, पिशवीतून रीळ शोधलं.

"अम्मा, ज़रा पैर समेटिए."

म्हातारीने पाय जवळ घेतले. कस्तुरी खाटेच्या कडेला बसून काठ दुमडू लागली. पिशवीत फोन वाजायला लागला. भाऊजीच असणार, नवं टेंडर निघालं असणार. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. ती घरच्यासारखे बारीक टाके घालत कोपऱ्यापर्यंत गेली, गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

मग तिने फोन उचलला. "भाऊजी, चादरी आम्ही शिवणार असू तरच ओटीपी सांगेन."