गोटमारीच्या दिवशीचा हायकू

मी पांढुर्ण्याच्या एका वाचनालयाबाहेरचा फळा. बोलावं की नाही, याचा मी फार दिवस विचार केला. आधी वीस वर्षं कॉलेजात होतो. पदार्थविज्ञान, तर्कशास्त्र सगळं अंगावरून गेलं. तरी आपल्याला काही कळतं, अशी खात्री मला कधीच वाटली नाही.

इथे निवृत्त अरविंदमास्तर रोज सकाळी माझ्यावर हायकू लिहीत. तीन ओळींची जपानी कविता, पण विषय गावचे. क्रिकेटच्या अटीतटीच्या सामन्यानंतरचा हा:

*एकच चेंडू*
*रेडिओतले सेल*
*तेव्हाच मेले*

लोक सायकल थांबवून वाचत, हसत. मीही सुखावायचो.

गुणवंता सायकली दुरुस्त करायचा. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत तो सगळ्यांत पुढे असे; गाव त्याला पहिलवान म्हणे. मागच्या साली डोक्याला नऊ टाके पडले. मनकर्णानं, त्याच्या बायकोनं, यंदा गळ्याची शपथ घातली. तो घरी बसणार होता, नव्या टीव्हीसमोर. शपथेचं मास्तरांना ठाऊक होतं. तरी त्या सकाळी त्यांनी लिहिलं:

*गोटे उडती*
*पहिलवान घरी*
*टीव्ही पुसतो*

समोरच्या पानठेल्यावर हशा पिकला. गुणवंता पान घ्यायला आला होता. त्यानं दोनदा वाचलं.

"मास्तर, मी भेकड आहो काय?"

"अरे, गंमत करून राहिलो बावा."

तो घराकडे वळला नाही. नदीकडे गेला.

दुपारभर घरांच्या टिनांवर दगड कोसळत होते. फुटलेली डोकी, लोंबकळते हात माझ्यासमोरून नेले. तीनच्या सुमारास खाटेवर घालून गुणवंताला नेलं. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा आली. हातात फडक्यात बांधलेला गोटा. तिला वाचता येत नव्हतं. हायकू तसाच होता; मास्तरांचा हात पुसायला उठलाच नव्हता.

"वाचा न मास्तर. याच्यावर लोक हासले म्हणते. मले बी हासू द्या."

मास्तरांनी वाचलं. तिनं गोटा उचलला तसे ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"सरका. तुमाले दोन डोळे आहेत, राहू द्या."

ते सरकले. पहिल्याच घावात मी मधोमध चिरलो. ती मारतच राहिली, हात रक्ताळेपर्यंत. कुणी अडवलं नाही.

त्यानंतर मास्तर लिहीत नाहीत. चूक त्यांची, हसणाऱ्यांची, की ती अक्षरं मिरवणाऱ्या माझी, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा खालचा तुकडा शाबूत आहे. तीन ओळी मावतात. लिहायला या, जरूर या. फक्त ज्याच्यावर लिहाल, त्याच्या घरी आधी वाचून दाखवा. तिथे कुणी हसलं, तर मग मला सांगा.